आवड, निवड आणि रकाने

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, वधू-वर परिचय सत्राच्या आरंभी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या परिचय सत्रापूर्वी चार शब्द बोलावे, अशी आज्ञा वधू-वर सूचक समितीच्या चिटणीसांनी केली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. विवाहाविषयी उपदेश करणारे वडीलधारे आपल्या ज्ञातीत पुष्कळ आहेत. त्यांत आणखी एकाची भर पडावी, अशी आमची इच्छा नव्हती. परंतु या समितीच्या कामात आम्ही कित्येक वर्षे लेखणी झिजविली आहे, आणि त्या कामात आमच्या हातून घडलेली एक चूक अलीकडे आम्हांस स्वस्थ बसू देत नाही. ती आपणांपुढे मांडावी, आणि तिच्या निमित्ताने, माणसाची आवड मुळात बनते कशी, या प्रश्नाचा सर्वांनी मिळून विचार करावा, एवढा हेतू मनात धरून आम्ही उभे आहोत.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. म्हण मोठी समंजस आहे. परंतु तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की, जन उंबरठ्याबाहेर उभे असतात आणि मन आत देवघरात बसलेले असते. बाहेरच्यांचे बोलणे ऐकून घ्यावे, दार लावावे आणि मग आतल्याला विचारावे. प्रश्न असा आहे की, हे दार खरोखरच लागते काय? आत बसलेले मन कोणाच्या शब्दांनी बोलते?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या जुन्या वाङ्मयातच पडलेले आहे. महाभारताच्या वनपर्वातील नळ-दमयंतीची कथा रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे मराठी घराघरांत पोहोचली. दमयंती ही आपल्याच विदर्भाची राजकन्या. तिने नळाला वरले, हे आपण जाणतो; पण ती नळावर अनुरक्त झाली केव्हा? त्याला पाहून नव्हे. तिच्यापुढे लोक नळाची स्तुती करीत, नळापुढे तिची करीत. मग हंस आला आणि त्याने उरलेले काम केले. म्हणजे जिच्या स्वयंवराचा दाखला आपण स्वतंत्र निवडीचे उदाहरण म्हणून देतो, तिचीही आवड प्रथम कानांवाटे आत शिरली. ती जनांकडूनच आलेली होती. पुढे स्वयंवराच्या मंडपात काय घडले, त्याकडे आपण शेवटी वळू.

आवडीचे मूळ शोधण्यापूर्वी एक गोष्ट कृतज्ञतेने सांगितली पाहिजे. आज या सभागृहात बसलेल्या मुलींना पसंती आणि नापसंती विचारली जाते, हा हक्क आपोआप आलेला नाही. रखमाबाईंचे लग्न त्यांच्या वयाच्या अकराव्या वर्षी लावून देण्यात आले. पुढे पतीने त्यांना नांदायला आणण्यासाठी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पुढे निकाल फिरला, आणि १८८७ साली पतीगृही जा, नाही तर तुरुंगात जा, असा प्रसंग आला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड झाली. त्यानंतर त्या इंग्लंडात वैद्यकी शिकल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशासाठी जरठाच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीला कोणी काही विचारत नाही, हीच त्या नाटकाची व्यथा. मग १९२९ सालचा बालविवाह-प्रतिबंधक कायदा आला आणि मुलीचे वय चौदा ठरले. १९७८ साली ते अठरा झाले. ज्या वयात आवड असू शकते, त्या वयापर्यंत लग्न थांबविण्यासच इतका काळ लागला.

हक्क मिळाला, हे खरे. परंतु हक्क मिळाला म्हणजे त्या हक्काने काय मागावे, हेही कळले, असे होत नाही. पूर्वी मुलीला कोणी विचारीत नसे. आता आपण विचारतो, 'तुझी अपेक्षा काय?' आणि समजतो की, तिच्या मनाच्या पेटीत उत्तर घडी करून ठेवलेले आहे. झाकण उघडले की ते हाती येईल. मुलग्यांच्या बाबतीतही आपली समजूत हीच. अर्थशास्त्राच्या पंडितांनीदेखील दीर्घ काळ असेच मानले की, प्रत्येकाच्या आवडीनिवडी ठरलेल्या असतात आणि माणूस बाजारात जातो तो त्यांची यादी घेऊन. गेल्या पन्नास-साठ वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या समजुतीची बारकाईने तपासणी केली. पॉल स्लोविक आणि सारा लिख्टेनस्टाइन या संशोधकांनी त्या कामाचे सार एका शब्दात सांगितले : रचना. आवड ही पुष्कळदा आत सापडत नाही. प्रश्न विचारला जातो त्या क्षणी ती रचली जाते. आणि रचताना हाताला जे साहित्य लागेल, ते वापरले जाते.

हे साहित्य कोणते? पहिले साहित्य म्हणजे आपल्या आधी बोललेल्याचे मत. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत केलेला आणि १९५१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग साधा आहे. काही तरुण एका खोलीत बसविले. समोर एक रेघ, आणि शेजारी तीन रेघा. तिघींपैकी कोणती पहिलीइतकी लांब, एवढेच सांगावयाचे. पाहणाऱ्याला उत्तर उघड दिसत होते. परंतु त्या खोलीत खरा परीक्षार्थी एकच होता. बाकीचे सर्व आधी शिकवून ठेवलेले होते आणि ते एकामागून एक, ठाम स्वरात, चुकीचे उत्तर देत गेले. अशा वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरांत परीक्षार्थींनी स्वतःच्या डोळ्यांची साक्ष सोडून जमावाची री ओढली. प्रयोगाचा दुसरा भाग मात्र दिलासा देणारा आहे. जमावातील एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी परीक्षार्थीला धीर येई आणि चुकीच्या उत्तरांचे प्रमाण झपाट्याने घसरे.

आता आपल्या घरातील बैठक डोळ्यांपुढे आणा. पाहुणे चहा-पोहे घेऊन गेलेले आहेत. दार लागताक्षणी काका म्हणतात, 'स्थळ उत्तम आहे.' आत्या म्हणते, 'माणसे चांगली वाटली.' आजोबा मान डोलावतात. आणि सर्वांचे बोलून झाल्यावर मुलीकडे वळून विचारतात, 'मग, तुझे काय मत?' रेघेची लांबी तरी डोळ्यांनी मोजता येते. दहा मिनिटे पाहिलेल्या माणसाविषयीचे मत कशाने मोजावे? मुलगी म्हणते, 'ठीक आहे.' आपण म्हणतो, मुलीची पसंती आहे. ती खोटे बोलत नाही. त्या दहा मिनिटांत तिला खरोखरच ठीक वाटू लागलेले असते. परंतु तिच्या 'ठीक'मध्ये काकांचा वाटा किती आणि तिचा स्वतःचा किती, हे ती स्वतःही सांगू शकणार नाही.

आपल्या पसंतीची कारणे आपणांस ठाऊक असतात, हाही आपला एक भ्रमच दिसतो. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील पेटर योहान्सन आणि लार्स हॉल यांनी २००५ साली एक चमत्कारिक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगास आलेल्यांपुढे दोन स्त्रियांची छायाचित्रे धरावयाची आणि अधिक आकर्षक कोणती, ते निवडण्यास सांगावयाचे. निवडलेले छायाचित्र त्यांच्या हाती देऊन विचारावयाचे की, हेच का निवडले? मात्र मधूनमधून हातचलाखीने न निवडलेलेच छायाचित्र हाती दिले जाई. बहुतेक वेळा ही अदलाबदल कोणाच्या ध्यानातही आली नाही. इतकेच नव्हे, तर नाकारलेल्याच चेहऱ्याकडे पाहत त्यांनी आपल्या 'पसंती'ची कारणे मनापासून सांगितली. एकाने कर्णभूषणे आवडल्याचे सांगितले. त्याने खरोखर निवडलेल्या स्त्रीच्या कानांत ती नव्हतीच! समितीच्या कार्यालयात बसून मुलामुलींकडून नकाराची कारणे वदवून घेण्याचे काम आम्ही वर्षानुवर्षे केले. हा प्रयोग वाचल्यावर त्या कारणांच्या नोंदवहीकडे पाहून आम्हांस ओशाळल्यासारखे झाले.

दुसरे साहित्य म्हणजे ज्या रीतीने पर्याय समोर मांडले जातात, ती रीत. हा मुद्दा आपल्या समितीला सर्वांत जवळचा, म्हणून त्यावर थोडे थांबू. शिकागो विद्यापीठाच्या क्रिस्टोफर शी यांनी १९९६ साली दोन जुन्या संगीत-कोशांचे उदाहरण मांडले. एका कोशात दहा हजार नोंदी आणि तो नव्यासारखा. दुसऱ्यात वीस हजार नोंदी, पण त्याचे वेष्टन फाटलेले. ज्यांनी एकच कोश पाहिला, त्यांनी नव्यासारख्या कोशाला सरासरीने अधिक किंमत देऊ केली. कारण दहा हजार नोंदी पुष्कळ की थोड्या, हे एकटा कोश पाहून कळत नाही, फाटलेले वेष्टन मात्र तत्काळ दिसते. तेच दोन्ही कोश शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा पसंती उलटली आणि वीस हजारांचा कोश श्रेष्ठ ठरला. कोश तेच, माणसेही तशीच. मांडणी बदलली आणि आवड बदलली.

यातून निघणारा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या की, जे आकड्यांत मोजता येते, त्याचे वजन वाढते. कोशाच्या बाबतीत यात काही बिघडत नाही, कारण कोशाचा उपयोग नोंदींसाठीच असतो. परंतु माणसांच्या बाबतीत? आपल्या अर्जांची चळत टेबलावर पसरा, अथवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोटाने सरकवा. पाच फूट तीन इंच आणि पाच फूट पाच इंच यांत त्या क्षणी मोठे अंतर भासते. मासिक उत्पन्नातील दहा हजारांचा फरक डोळ्यांत भरतो. संसार सुरू झाल्यावर मात्र शेजारी दुसरा अर्ज नसतो. तेथे एकच माणूस असतो. त्याच्या उंचीचे दोन इंच कोणाच्या स्मरणात राहत नाहीत. आजारपणात तो उशाशी बसतो की नाही, रागावल्यावर बोलतो कसा, आईच्या आणि पत्नीच्या मध्ये उभा राहताना न्यायाने वागतो की नाही, हे दररोज अनुभवास येते. या गोष्टींसाठी अर्जात रकाना नाही. असूही शकत नाही. म्हणून ज्यांना रकाने आहेत, त्यांनाच आपण गुण समजू लागतो.

आता आमची चूक सांगतो. आपल्या मंडळाचा सध्याचा अर्ज तयार करण्यात आमचा हात होता. आम्ही विशेष विचार केला नव्हता. इतर मंडळांचे दोन-तीन अर्ज समोर घेतले आणि रकाने उतरवून काढले : जन्मतारीख, उंची, वर्ण, शिक्षण, नोकरी, मासिक उत्पन्न, स्वतःची जागा, पोटजात, गोत्र अथवा देवक, रास-नक्षत्र आणि अपेक्षा. काही वर्षांपूर्वी एका मुलीचा अर्ज आला. सर्व रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले होते, फक्त 'वर्ण' कोरा होता. सोबत दोन ओळींची चिठ्ठी होती : हा रकाना कोरा ठेवला तर चालेल काय? आम्ही नियमावर बोट ठेवले. 'अपूर्ण' असा शिक्का मारून अर्ज परत पाठविला. तो अर्ज पुन्हा आला नाही.

त्या वेळी आम्हांस त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे एकदा एक सुशिक्षित तरुण कार्यालयात आला होता. त्याने अपेक्षेच्या रकान्यात 'गोरी' असे लिहिले होते. सहज बोलण्याच्या ओघात आम्ही विचारले, 'हे इतके महत्त्वाचे वाटते?' तो क्षणभर गोंधळला आणि प्रांजळपणे म्हणाला, 'तसे काही नाही. वर वर्णाचा रकाना होता, म्हणून लिहिले.' बंधुभगिनींनो, त्या उत्तराने आमची झोप उडविली. ज्या रकान्याने एका मुलीला आमच्या दारातून परत पाठविले, त्याच रकान्याने एका मुलाच्या मनात नसलेली आवड लिहून घेतली. तो रकाना आम्ही आखला होता. आम्ही समजत होतो की, आपण लोकांच्या आवडींची नोंद करतो. प्रत्यक्षात आम्ही त्या निर्माण करीत होतो.

गोऱ्या रंगाची हाव केवळ आमच्या रकान्यातून आली, असे आमचे म्हणणे नाही. 'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण जुनी आहे. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' नावाचे मलम बाजारात आले आणि जाहिरातींनी ही हाव घराघरांत खेळविली. २०२० साली त्या मलमाच्या उत्पादकांनी नावातून तो शब्द काढला. त्याच वर्षी एका मोठ्या विवाहजुळणी संकेतस्थळाने, लोकांनी हरकत घेतल्यावर, कातडीच्या रंगावरून स्थळे गाळण्याची सोय बंद केली. व्यापारी जे करू शकले, ते ज्ञातिसेवेचे व्रत घेतलेल्या मंडळाने अद्याप केलेले नाही. आपण आषाढीला पंढरपूरची वाट धरतो, सावळ्या विठ्ठलाच्या पायांवर मस्तक ठेवतो, आणि घरी येऊन सुनेच्या रकान्यात 'गोरी' लिहितो. या विसंगतीचा जाब त्या विठ्ठलाने विचारला, तर आपण काय सांगणार?

तिसरे साहित्य म्हणजे पर्यायांची संख्या. पुष्कळ स्थळे असली म्हणजे निवड उत्तम होते, असे सर्वांस वाटते. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॅलिफोर्नियातील एका दुकानात मुरंब्यांचे टेबल मांडले होते. चोवीस प्रकार मांडले, तेव्हा गर्दी अधिक झाली. परंतु थांबलेल्यांपैकी शंभरांतील तिघांनीच खरेदी केली. सहाच प्रकार ठेवले, तेव्हा तीस जणांनी केली. येथे एक खुलासा केला पाहिजे. पुढे अशा पन्नास प्रयोगांचा एकत्रित हिशेब २०१० साली मांडला गेला, तेव्हा सरासरीने हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. म्हणजे 'अति तेथे माती' हे प्रत्येक ठिकाणी होतेच, असे नाही. आपणांस नेमके काय हवे, हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याला चोवीसांचीही अडचण होत नाही. अडचण होते ती ज्याची आवड अजून बनावयाची आहे, त्याची. आणि आपली मुले बहुतांशी याच दुसऱ्या वर्गात मोडतात. त्यांत त्यांचा दोष नाही.

संख्येपाठोपाठ येते ती 'आणखी एक पाहू' ही वृत्ती. डॅनिएल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन चित्रांपैकी एक ठेवून घेण्यास सांगितले होते. काहींना नंतर बदलून घेण्याची मुभा होती, काहींना नव्हती. ज्यांना मुभा नव्हती, ते आपल्या चित्रावर अधिक संतुष्ट राहिले. तथापि आधी विचारले असता विद्यार्थ्यांना बदलण्याची मुभाच हवीशी वाटे! 'पदरी पडले पवित्र झाले' असे आपल्या आज्या म्हणत, त्यात हे तथ्य आहे : दार बंद झाले की, मन आतल्या वस्तूत गोडी शोधू लागते. परंतु या म्हणीचा दुरुपयोगही आपल्या समाजाने फार केला आहे. रखमाबाईंनाही हेच सांगण्यात येत होते. न विचारता पदरात टाकलेले पवित्र करून घेण्याचा भार मुलीवर टाकणे निराळे, आणि स्वतः निवडलेल्याशी एकनिष्ठ राहणे निराळे. दुसऱ्यात सुख आहे. पहिल्यात केवळ निरुपाय आहे.

आता सर्वांत अवघड मुद्दा. तो टाळून आम्हांस येथून खाली उतरता येणार नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, मैत्रीश घटक आणि जीन लाफॉर्च्यून या अर्थशास्त्रज्ञांनी कोलकात्याच्या एका बंगाली दैनिकात विवाहाच्या जाहिराती देणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला; तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. आलेल्या पत्रांना या कुटुंबांनी कोणता क्रम दिला आणि शेवटी विवाह कोठे ठरला, हे त्यांनी पाहिले. स्वजातीची ओढ अत्यंत प्रबळ आढळली. परंतु त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारा आहे. स्वजातीचा हट्ट धरूनही या कुटुंबांना शिक्षण, रूप वगैरे इतर बाबतींत फारसे गमवावे लागत नव्हते; कारण स्वजातीतच हवे तसे स्थळ बहुधा मिळे. ज्या आवडीची किंमत द्यावी लागत नाही, ती तपासून पाहण्याची पाळीच येत नाही. म्हणून ती टिकते.

हे ऐकून कोणी म्हणेल की, ज्ञातीच्याच व्यासपीठावरून हा गृहस्थ ज्ञातीविरुद्ध बोलतो. तसे नाही. हे मंडळ खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलांच्या पाठीशी उभे राहिले, गरिबांच्या फीचे पैसे भरले, अडलेल्या घरांना आधार दिला. त्याचे ऋण आम्ही जन्मभर विसरणार नाही. आम्ही इतकेच विचारतो की, स्वजातीच्या स्थळाची जी ओढ आपण 'मुलांची आवड' म्हणून लिहून घेतो, ती त्यांची कितपत? ज्यांना आपण कधी भेटूच दिले नाही, त्यांच्याविषयी आवड उत्पन्न होणार कशी? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या एका संस्थेसाठी लिहिलेले भाषण आयोजकांनी रद्द केले आणि ते त्यांना पुस्तकरूपाने छापावे लागले. जातिभेदावर खरा उपाय मिश्रविवाह हाच आहे, असे त्यात त्यांनी स्पष्ट सांगितले होते. १९५४ सालचा विशेष विवाह कायदाही त्या वाटेला मोकळीक देतो. तेवढे लांब जाण्याची ज्यांची तयारी नसेल, त्यांनी निदान जवळचे पाहावे. पोटजाती मोडाव्यात, असा ठराव आपण याच सभागृहात टाळ्यांच्या गजरात कितीदा तरी संमत केला. आणि अर्जातील 'पोटजात' हा रकाना मात्र आजतागायत तसाच आहे! ठराव वर्षातून एकदा वाचला जातो, रकाना दररोज. मुले कोणाकडून शिकतील?

तेव्हा समितीपुढे आम्ही काही सूचना ठेवतो. पहिली, 'वर्ण' आणि 'पोटजात' हे दोन्ही रकाने अर्जातून काढून टाकावेत. ज्याला खरोखरच त्याचे अगत्य असेल, तो न विचारताही सांगेल. दुसरी, इतरांचे अर्ज हाती देण्यापूर्वी प्रत्येक मुलाने व मुलीने कोऱ्या कागदावर, आपणांस जोडीदारात कोणत्या तीन गोष्टी हव्यात, ते स्वतःपुरते लिहावे आणि तो कागद स्वतःजवळच ठेवावा. तिसरी, अर्जांची चळत एकदम पुढे न ठेवता थोडे थोडे दाखवावेत, आणि भेट एकच न होता निदान दोन-तीन व्हाव्यात. चौथी, घरातील बैठकीत आधी मुलीने अथवा मुलाने बोलावे, काकांनी शेवटी. पाचवी, नकार आला तर कारण विचारू नये. सांगितलेले कारण बहुधा खरे नसते, आणि समोरच्याच्या मनाला मात्र ते कायमचे लागते. आणि सहावी, ज्या मुलामुलींनी ज्ञातीबाहेर विवाह केला, त्यांनाही या संमेलनाचे निमंत्रण जावे, त्यांच्या मुलांनाही शिष्यवृत्ती मिळावी. त्यांना या दारातून आत येण्याचा संकोच वाटतो, हे आम्ही पाहिले आहे.

येथे बसलेल्या तरुणांना एवढेच सांगावयाचे की, आपली आवड जनांकडून आली, म्हणून ती खोटी ठरत नाही. भाषाही आपण दुसऱ्यांकडूनच शिकतो, तरी आपले बोलणे आपले असते. आवड कोठून आली, हे एकदा पाहून घ्यावे; पाहिल्यावरही ती टिकली, तर ती आपली.

दमयंतीचेही असेच झाले. स्वयंवराच्या मंडपात तिला एक नव्हे, पाच नळ दिसले. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघेही नळाचे रूप घेऊन बसले होते. हंसाने वर्णिलेले रूप आता पाचही जणांपाशी सारखेच होते. ऐकीव माहिती तेथे संपली. तिने देवांचीच विनवणी केली, तेव्हा त्यांनी आपली लक्षणे प्रकट केली. चौघांच्या अंगावर घाम नव्हता, पापणी लवत नव्हती, गळ्यातील माळा टवटवीत होत्या, पाय भूमीला टेकले नव्हते. पाचव्याची छाया पडली होती, माळ कोमेजली होती, अंगावर धूळ आणि घाम होता. दमयंतीने त्या पाचव्याच्या गळ्यात माळ घातली. कोणत्याही रकान्यांचा अर्ज केला असता, तर चौघेही देव नळाच्या वर गेले असते.

असो. त्या मुलीचा परत पाठविलेला अर्ज आता आम्हांस सापडणार नाही, आणि तिची क्षमा मागण्याचा दुसरा मार्ग आम्हांस ठाऊक नाही. म्हणून ही क्षमायाचना या सभेपुढे केली. समितीने नवा अर्ज छापताना तो रकाना गाळला, तर आमच्या अंगावरील ओझे थोडे हलके होईल.